शिलाई एक नंबर, अस्तराचे पैसे वेगळे

कराडात एकतीस वर्षं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान चालवतोय. शर्ट, पॅन्ट, सफारी, लग्नसराईत जोधपुरी. दुसऱ्याच्या शिलाईबद्दल बोलायचं मी आजवर टाळत आलो, धंद्यात ते बरं दिसत नाही. पण चौदा महिन्यांपूर्वी रोबोटनं नवी किडनी बसवताना माझ्याच पोटात जी शिलाई झाली, तिच्याबद्दल आठवड्याला दोन-तीन फोन येतात. "तुमचं किडनीचं रोबोटनं केलं म्हणे? आम्ही करावं का? पैसे वसूल होतात का?" सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच, तारे देऊन, लिहून टाकतो. हॉस्पिटल पुण्यातलं आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि दर दोन महिन्यांनी मला त्याच दारात जायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. रोबोटचे जादाचे पैसे मी किडनीसाठी मोजले नाहीत, पोटासाठी मोजले. हे ज्याला पटलं त्याला पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

माझं झालं असं, की रक्तदाब पंधरा वर्षं अंगावर काढला. गोळी चालू करायची, बरं वाटलं की सोडायची. पाय सुजायला लागले तेव्हा वाटलं, मशीनवर बसून सुजतात. तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण, साडेसात. ते कमी तितकं बरं. मग डाव्या हातात फिश्चुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, आणि आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिस. पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर. एप्रिलात पत्र्याच्या दुकानात लिटरभर पाण्यावर इस्त्री मारून बघा एकदा.

किडनी अक्कानं दिली. थोरली बहीण, पाटणला असते, वय अठ्ठावन्न. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. कागद मात्र लवकर जुळेनात. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, त्यामुळे ही तुमची सख्खी बहीणच कशावरून, हे सिद्ध करायला शाळेचा दाखला, वडिलांच्या वेळचं रेशनकार्ड, सगळं उकरून काढावं लागलं. कायदा १९९४ चा आहे. अवयवांची खरेदी-विक्री थांबावी म्हणून केलेला, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. देणारी बाई असेल तर तिची मर्जी वेगळी विचारायची, घेणाऱ्याच्या समोर नाही, असाही नियम आहे. अक्काला आत घेऊन गेले. बाहेर आली ती हसतच. "मला विचारत होते, भावानं जबरदस्ती तर केली नाही ना. म्हटलं, जेन्ट्स टेलर आहे म्हणून ज्यानं आजवर मला एक ब्लाऊज शिवून दिला नाही, तो काय जबरदस्ती करतोय!"

आता रोबोट. पहिल्या भेटीत आमची गाठ पडली ती समुपदेशक म्हणून बसवलेल्या पोरीशी. हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका. ती म्हणाली, "काका, रोबोटिकमध्ये किडनी जास्त वर्षं टिकते." मी धंद्यातला माणूस, 'हे कापड जास्त टिकतं' हे वाक्य मीही गिऱ्हाइकाला हजार वेळा ऐकवलंय. म्हणून सर्जन भेटल्यावर पहिलं तेच विचारलं. ते तिथल्या तिथं म्हणाले, "नाही. किडनी उघड्या ऑपरेशनमध्ये चालते तशीच यातही चालते. फरक पडेल तो जखमेला. तुमचं वजन किती?"

सत्त्याण्णव किलो. कंबर चव्वेचाळीस.

त्यांनी टेबलावर कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं. नवी किडनी जुनीच्या जागी बसवत नाहीत. जुन्या दोन्ही तशाच राहतात. नवी बसते खाली, कमरेच्या हाडाच्या वाटीत, बहुतेक वेळा उजवीकडे. उघड्या पद्धतीत त्यासाठी ओटीपोटाच्या बाजूला वीतभर बाकदार काप देतात. चित्र बघितल्यावर मला मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या जागेचा, काप आठवला, अगदी तोच बाक. हडकुळ्या माणसाला त्याचं काही नाही. पण माझ्यासारख्याला चार बोटं चरबी कापून आत जायचं, आणि त्यानंतर जन्मभर शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या. त्यात स्टिरॉइड. जखम भरायला वेळ लागतो, पू होतो, टाके उसवतात. म्हणजे शिलाई चांगली असूनही कापडच विरलेलं.

पुतण्या इंजिनियर आहे, त्यानं रात्री शोधाशोध केली. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या डॉक्टरांनी माझ्यासारख्या, खरं तर माझ्याहून कितीतरी जाड, माणसांवरच रोबोटनं किडनी बसवायला सुरुवात केली होती. २०१३ साली त्यांनी हिशेब छापला. अठ्ठावीस जणांचं रोबोटनं, अठ्ठावीस जणांचं उघडं. उघड्यातल्या आठ जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, रोबोटच्यात एकाच्याही नाही. किडन्या मात्र दोन्हीकडच्या सारख्याच चालल्या. माझा निर्णय त्या 'आठ' आणि 'शून्य'वर झाला. पुस्तिकेतला एकही आकडा इतक्या कामाचा नव्हता.

अक्काला वेगळीच काळजी. "ते यंत्र मधेच बंद पडलं तर रे?" सर्जन म्हणाले, "यंत्र बाजूला सारायचं आणि हातानं पुरं करायचं. त्याची सही आम्ही आधीच घेतो." खरंच, संमतीपत्रात ते लिहिलेलं होतं. मुळात रोबोट या नावामुळेच घोळ होतो. आमच्या गल्लीत पसरलं होतं की शिंप्याचं ऑपरेशन लोखंडी बाहुलं करणार आहे. तसं काही नाही. चार हातांचं यंत्र रोग्यावर उभं असतं आणि सर्जन चार पावलांवर एका पेटीत डोकं घालून बसतात. दोन्ही हातांच्या बोटांत पकडी, आणि पायाखाली पायडल! कॅमेरा हलवायला एक, रक्तवाहिनी जाळून बंद करायला एक. हे ऐकल्यावर माझी अर्धी भीती गेली. हातात कापड आणि पायाखाली पायडल म्हणजे आमचंच काम की.

मी सर्जनना फार पिडलं. दोरा कुठला, सुई केवढी, टाका कसा. दुसऱ्या कुणी हाकललं असतं. हे मात्र रंगले. जोडायच्या तीन गोष्टी: किडनीची शीर, किडनीची रोहिणी आणि लघवीची नळी. शीर आणि रोहिणी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या, आणि त्याही टोकाला टोक नव्हे, तर टोक कुशीला. मोठीच्या अंगाला मापात भोक पाडायचं आणि छोटीचं तोंड त्यावर बसवून गोल शिवत यायचं. म्हटलं, म्हणजे मुंढ्याला बाही लावायची. ते म्हणाले, "तसंच समजा. फक्त बाहीचं तोंड बोटाएवढंही नसतं, आणि एक टाका ढिला पडला तर रक्त." दोरा गोअर-टेक्सचा. मी चमकलोच. महागड्या रेनकोटच्या कापडावर हे नाव मी वाचलंय. वस्तू तीच निघाली, एक प्रकारचं ताणलेलं टेफ्लॉन. कपड्यात पाणी अडवतं, पोटात रक्त.

पेटीतून आतलं सगळं दहापट मोठं दिसतं, आणि सपाट टीव्हीसारखं नव्हे, खोलीसकट. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात अवजारं सरळ दांड्यांची असतात. यात टोकाला मनगट असतं, सुई कशीही वळवता येते. हाताचा कंप यंत्र गाळून टाकतं. बोटं तीन सेंटिमीटर हलली तर आत टोक एकच सेंटिमीटर हलेल, असंही लावता येतं. हे ऐकून मला खरंच हेवा वाटला. चाळिशीनंतर काज करताना हात थरथरतो, ती थरथर कुणी गाळून दिली असती तर?

एका गोष्टीनं मात्र पोटात गोळा आला. मी विचारलं, "दोरा किती ओढायचा ते हाताला कळतं ना?" ते म्हणाले, "या यंत्रात नाही कळत. बघून ओळखायचं." शिंप्याला याहून भयंकर काय सांगाल? आमचं सगळं कसब बोटांच्या ताणात असतं. डोळे मिटून तुरपाई होईल, बोटं बधिर असतील तर होणार नाही. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "काका, दोरा कापडात किती रुततो, कडेला चुणी पडते का, हे बघून ताण कळायला लागतो. त्यासाठी शेकड्यानं टाके घालावे लागतात." तेव्हा जे ठरवलं ते सगळ्यांना सांगतो: यंत्र कुठलं हे नंतर विचारा. या माणसानं या यंत्रावर किडनीच किती बसवल्यात ते आधी विचारा. प्रोस्टेटची किंवा पित्ताशयाची संख्या सांगितली तर ती धरू नका.

आपल्याकडे ही विद्या नवखी नाही. गुरगावच्या मेदांता हॉस्पिटलातल्या आणि अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या सर्जननी मिळून २०१३ मध्ये बर्फात ठेवून रोबोटनं किडनी बसवायची पद्धत घडवली, ती पुढं जगभर गेली. अहमदाबादच्या सरकारी किडनी संस्थेतही हे काम मोठ्या प्रमाणावर झालंय. बर्फाचं कारण साधं. बाहेर काढलेली किडनी गार ठेवली तर तग धरते. उघड्या ऑपरेशनात वरून बर्फ टाकता येतो, बंद पोटात कसा टाकणार? मग त्यांनी किडनीला गॉजचं, म्हणजे जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाचं, जाकीट घातलं. जाकिटात बर्फाचा चुरा भरायचा, वरची-खालची बाजू उलटी होऊ नये म्हणून एका टोकाला खुणेचा टाका घालायचा, आणि बेंबीजवळच्या छेदातून अख्खं जाकीट आत सोडायचं. मी विचारलं, ते जाकीट शिवतं कोण? म्हणाले, थिएटरमधली सिस्टर. मी माप द्या म्हणालो, दोन डझन शिवून देतो. ते नको म्हणाले, नाहीतर दिलं असतं.

ऑपरेशन सकाळी नऊला सुरू झालं. शेजारच्या थिएटरात अक्काची डावी किडनी दुर्बिणीतून काढली. डावीची शीर लांब असते, जोडायला कापड जास्त मिळतं, म्हणून शक्यतो डावी घेतात. किडनी बाहेर काढायला अक्काच्या जुन्या सिझेरियनच्या वणावरूनच छेद दिला. नवा व्रण नाही. ही गोष्ट मला फार आवडली, चांगला कारागीर जुन्याच शिवणीतून आत शिरतो. दुपारी दोनला मला बाहेर आणलं. आमच्या हिला सर्जननी सांगितलं, की रक्तवाहिन्यांना लावलेले चिमटे सोडल्यावर किडनी गुलाबी झाली आणि टेबलावरच लघवी सुरू झाली. जोडून झाल्यावर पोटाच्या आतल्या पडद्याचा आधीच करून ठेवलेला खिसा तिच्यावरून मिटवला, म्हणजे ती हलत नाही. खिसा हा शब्द त्यांचाच.

आता जे कुणीच सांगितलं नव्हतं ते. शुद्धीवर आलो तर डोळे उघडेनात. वाटलं, काहीतरी बिनसलं. ऑपरेशनभर टेबल डोक्याकडून खाली झुकवलेलं असतं, आतडी वर सरकून जागा व्हावी म्हणून. पाच तास उलटं टांगल्यावर तोंड सुजणारच. दुसऱ्या दिवशी उतरलं. आणि खांदा! पोटाला कुणी हात लावला तरी चालेल, पण उजवा खांदा असा ठणकत होता जसा कोटांच्या सीझनमध्ये ठणकतो. पोट फुगवायला गॅस भरतात, त्याचा परिणाम. तीन दिवस. सिस्टरना हे रोजचं, पण मला आणि हिला ते आधी सांगायला दोन मिनिटं लागली असती. पुस्तिकेत यंत्राचे चार फोटो आहेत, खांद्याबद्दल ओळ नाही.

जखमेचं म्हणाल तर बेंबीजवळ सहा-सात सेंटिमीटरचा छेद आणि बाकी काजाएवढी भोकं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसलो, तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात. तासातासाला लघवी मोजायची, तेवढं प्यायचं. दोन वर्षांनी पहिल्यांदा पूर्ण तांब्याभर पाणी प्यायलो. त्या पाण्याला तारे द्यायची सोय नाही. क्रिएटिनिन पाचव्या दिवशी १.४. अक्का चौथ्या दिवशी घरी गेली, मी नवव्या दिवशी.

आता मलकापूरचे मास्तर. डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीत असायचे. त्यांचं दुसऱ्या हॉस्पिटलात, माझ्यानंतर पंधरा दिवसांनी, बायकोनं किडनी दिली आणि उघडं ऑपरेशन झालं. मास्तर म्हणजे काठीला सदरा घातल्यासारखे. जखम छान भरली, क्रिएटिनिन १.२, माझ्याहून सरस. मांडीचा थोडा भाग बरेच दिवस बधिर होता आणि महिनाभर वाकताना ओढ बसायची, एवढंच. त्यांना रोबोटची काडीची गरज नव्हती. त्यांनी मला बिल विचारलं, मी सांगितलं, ते गप्प बसले. मास्तरांनी गप्प बसणं म्हणजे काय ते त्यांचे विद्यार्थी सांगतील.

तर बिल. पॅकेज उघड्याचं वेगळं आणि रोबोटचं त्यावर सव्वादोन लाख. यंत्र परदेशी, आणि त्याच्या हाताला लागणारी अवजारं ठरावीक ऑपरेशनांनंतर टाकून द्यावी लागतात, यंत्रच मोजणी ठेवतं. कात्रीला धार लावून पुन्हा वापरा, असं चालत नाही. ठीक आहे. पण पॅकेज म्हणजे शिलाई. अस्तर, बटणं, कॅनव्हास वेगळं. अक्काच्या दाखल होण्याआधीच्या तपासण्या पॅकेजच्या बाहेर. रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन बाहेर. (तो करून घ्याच. रक्तवाहिनीत चुना साचला असेल तर रोबोटचं काम अवघड होतं, अशांना सर्जन स्वतःच उघडं सुचवतात.) सुरुवातीला किडनी नाकारली जाऊ नये म्हणून जे इंजेक्शन देतात, ते बाहेर. लघवीच्या नळीत ठेवलेला स्टेंट, म्हणजे आधाराची बारीक नळी, पाचव्या आठवड्यात काढला. पाच मिनिटांचं काम, त्याची पावती निराळी. मी गिऱ्हाइकाला सुटाचं एकूण सांगतो आणि मग बटणाला पैसे मागत नाही.

विम्याचं तर विचारूच नका. २०१९ मध्ये विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनं सांगितलं की रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येणार नाही. बातमी वाचून मी खूश. पण कंपनीला त्यावर मर्यादा घालायची मुभा आहे, आणि माझ्या पॉलिसीत ती एक लाखाची होती, बारीक टायपात. उरलेलं खिशातून. पॉलिसीचा तो तक्ता दाखल व्हायच्या आधी भिंग लावून वाचा. मी वाचला डिस्चार्जच्या दिवशी, बिलिंगच्या खिडकीसमोर, पाच तास. त्या पाच तासांत माझ्या रात्री आठच्या गोळीची वेळ होत आली, आणि ती गोळी खोलीत राहिलेल्या पिशवीत. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी ती गोळी, सकाळी आठ, रात्री आठ, घड्याळ लावून, असं ज्या हॉस्पिटलानं मला आठ दिवस बजावलं, त्याच हॉस्पिटलाची खिडकी मला सोडेना. शेवटी हीच तरातरा जाऊन पिशवी घेऊन आली.

तारे असे. सर्जन आणि थिएटर: पाच. वॉर्डातल्या सिस्टर: पाच, त्यातली रात्रपाळीची केरळची सिस्टर साडेपाच. आधी दिलेली माहिती: दोन, ते दोनही सर्जनमुळे. बिलिंग: एक, कारण शून्य देता येत नाही. रोबोट स्वतः: जाड असाल तर पाच, मास्तरांसारखे असाल तर पैसे गोळ्यांना ठेवा, गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत.

आणि एक, जे कुठल्याच हॉस्पिटलात सांगत नाहीत. ऑपरेशननंतर उजव्या बाजूला बेल्ट काचतो. किडनी तिथंच, कातडीच्या मागे. मास्तरांना तर व्रणावरच पट्टी यायची, म्हणून ते लेंग्यावर शाळेत जायला निघाले होते. मी त्यांना दोन पॅन्ट शिवून दिल्या: कमरपट्टी पुढून दीड इंच खाली उतरवलेली, उजव्या बाजूला कॅनव्हास काढून नुसतं मऊ अस्तर, मागं इलॅस्टिक, आणि वरून गॅलस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावायला आतून बटणं. बाहेरून कुणाला कळत नाही. आता तशीच मी स्वतः घालतो. कंबर चाळीसवर आली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी जुनी पॅन्ट मापाला घेऊन या, दुकान दहा ते एक आणि चार ते आठ उघडं असतं. पावणेआठला मात्र शटर अर्धं ओढतो, गोळीची वेळ असते. आणि सर्दी-खोकला असेल तर कृपया पुढच्या आठवड्यात.